सारिकाचा न वाचलेला चॅप्टर

सारिकाने माझ्या टेबलावर एक प्रिंटआउट ठेवलं.

"सर, मंगळवारी इंटरनेटवर आलंय. परदेशातल्या दोघांचं संशोधन हाय. थिअरम आपलंच निघालं."

मी पहिलं पान वाचलं. प्रमेय खरंच तिचं होतं. तिची सिद्धता पाच महिने माझ्या कपाटात पडून होती.

सारिका माझ्याकडे पीएच.डी. करत होती. आठवडाभर घाटनांदूरच्या ज्युनिअर कॉलेजात शिकवायची आणि शनिवारी अंबाजोगाईला यायची. विषय लॅटिस पॉलिटोप. आलेखाच्या कागदावर रेघा जिथे छेदतात, तिथेच कोपरे ठेवून त्रिकोण, चौकोन काढा. मग तो दुप्पट मोठा करा. मोठ्यातला प्रत्येक छेदबिंदू लहानातल्या दोन छेदबिंदूंच्या निर्देशकांची बेरीज करून मिळतो का? कागदावर मिळतोच. घनाकृतींत मात्र कधी कधी एखादा बिंदू सुटतो. एकही बिंदू सुटत नाही अशा घनाकृतींचा एक नवा गट सारिकाने शोधला होता.

त्या सिद्धतेचा चॅप्टर देताना ती म्हणाली होती, "एकदा नजर टाका सर, मग जर्नलला पाठवते."

"या आठवड्यात बघतो," मी म्हणालो. तेव्हा कॉलेजच्या तपासणीला कमिटी यायची होती. मी विभागप्रमुख. फायली, फोटो, फीडबॅक फॉर्म. तिने दोनदा आठवण करून दिली. तिसऱ्यांदा दिली नाही.

"त्यांची मेथड वेगळी असेल," मी आता म्हणालो.

"वेगळी हाय सर. आपल्यापेक्षा सोपी हाय."

ती गेल्यावर मी चॅप्टर काढून वाचला. तीन तास लागले. एकही चूक नव्हती.

युनिव्हर्सिटीत विचारलं. थीसिसमध्ये नवं काही लागतं. उरलेल्या दोन चॅप्टरांवर भागणार नव्हतं आणि शेवटची मुदतवाढही संपत आली होती. पुढच्या शनिवारी तिला म्हणालो, "चूक माझी आहे."

"तुमी कामात होता, सर." ती खिडकीकडे बघत राहिली. "घरी अजून सांगितलं न्हाई. बाबा सगळ्या गल्लीला सांगून बसलेत, पोरगी डॉक्टर होणार म्हणून."

ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

महिन्याभराने ती रजिस्ट्रेशन रद्द करायचा फॉर्म घेऊन आली. कारणाच्या रकान्यात तिने 'वैयक्तिक' लिहिलं होतं. मी खाली सही केली.

हल्ली कुणाचंही लिखाण आलं की मी आठ दिवसांत वाचतो. विद्यार्थ्यांना वाटतं, सर पहिल्यापासूनच असे आहेत.