एका चुलीवरची माणसं

माणसाने आयुष्यात किती वेळा थक्क व्हावं याला काही मर्यादा असते, असं माझं लग्न ठरेपर्यंत मत होतं. माझ्या सासऱ्यांनी ती मर्यादा पहिल्याच भेटीत मोडली आणि पुढे तिचा मागमूसही ठेवला नाही. आम्ही मुलगी बघायला महागावला गेलो तेव्हा आईने पेढे नेले होते, माझ्या नोकरीचा कागद नेला होता, घरच्यांचा फोटोसुद्धा नेला होता. या गृहस्थांनी त्यातल्या एकाही वस्तूकडे पाहिलं नाही. पाणी झालं, चहा आला, आणि त्यांनी माझ्या आईला विचारलं, "रेशनकार्ड आणलं काय?" आईला वाटलं, चुकून ऐकलं. मग त्यांनी एका चुलीवर किती जण जेवता ते विचारलं. आई पाच म्हणाली. मी प्रामाणिकपणे सांगून टाकलं की नोकरीमुळे मी यवतमाळला खोली करून राहतो आणि मेसमध्ये जेवतो. ते ऐकून त्यांचा चेहरा गंभीर झाला. "मंग चारच झाले न्. याचं नाव कार्डावरून अजून काहून नाही कापलं?" आम्ही परत निघालो तेव्हा मुलगी पसंत आहे की नाही हे कोणीच कोणाला विचारलं नव्हतं. आठ दिवसांनी निरोप आला: स्थळ पसंत आहे, आधी नाव कापा.

मामाजींची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, सगळी नोकरी तहसीलच्या पुरवठा विभागात गेली. कारकून म्हणून लागले, कारकून म्हणूनच निवृत्त झाले. गावात त्यांना सगळे 'बाबूजी' म्हणत आणि ते रस्त्याने येताना दिसले की भावाभावांची कार्डापुरती भांडणं मिटत, कारण चूल वेगळी झाल्याशिवाय वेगळं कार्ड नाही हा नियम ते स्वतः जाऊन तपासत. दुसरे कारकून टेबलावर बसून चौकशी लिहीत. हे लोकांच्या स्वयंपाकघरात जाऊन चुलीतल्या राखेत बोट घालत. गॅस आल्यावर शेगडीवर हात ठेवू लागले. कोणाच्या घरचा चहासुद्धा त्यांनी कधी घेतला नाही. खिशात कायम एक लाल पेन असे आणि त्या पेनाने त्यांनी सर्वांत वेगाने कापलेलं नाव त्यांच्या स्वतःच्या मुलीचं, म्हणजे माझ्या बायकोचं होतं. लग्नानंतर ती पहिल्यांदा माहेरी आली आणि भिंतीवर टांगलेल्या पिशवीतून कार्ड काढून पाहते तर काय, तिच्या नावावर आडवी लाल रेघ. ती रडली. हे शांतपणे म्हणाले की जेवून जा, पाहुणी म्हणून.

निवृत्तीनंतर या माणसाला काय झालं ते आम्हा कोणालाच कळलं नाही. ज्याने जन्मभर माणसं कापली तो एकाएकी माणसं जोडायला निघाला. सकाळी बुद्धवंदना झाली की ते बाहेर पडत आणि जेवायच्या वेळेला कोणाला तरी घेऊन येत. सुरुवात समोरच्या एका खोलीत राहणाऱ्या पंचफुलाबाईंपासून झाली. पन्नाशीच्या, एकट्या, आठवडी बाजारात मेथी-कोथिंबीर विकणाऱ्या. मग बायको माहेरी गेलेला एक शिंपी आला, नर्सिंग शिकणाऱ्या दोन मुली आल्या, बसस्थानकाजवळचा एक म्हातारा घड्याळजी आला, असं करत पंगत चौदा जणांची झाली. सासूबाई पोळ्या लाटताना माझ्यापाशी कुरकुरत, "नोकरीत होते तं लोकाईचे नावं कापत होते. आता सारा गाव माह्या चुलीवर आणून बसवून राह्यले." पण भाजीत पाणी त्याच वाढवत.

अशातच गावात एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या आणि त्यांनी दवाखान्यावर पाटी लावली: वर्षाची वर्गणी भरा, वर्षभर डॉक्टर तुमचा. ताप-खोकला, बीपी, शुगर, साधे रक्ततपास, फोनवर विचारपूस, सगळं त्यात. आणि वर्गणीदार झाल्यावर पहिली तपासणी तब्बल एक तासाची. मी यवतमाळला एका विमा कंपनीच्या क्लेम विभागात काम करतो. आजारी नसताना डॉक्टरला पैसे द्यायचे ही कल्पना मला पचेना. मी मामाजींना फोनवर म्हणालो, तुमचा विमा आहे ना, मग हे कशाला? ते उलट म्हणाले, "तुमची कंपनी खोकल्याचे पैसे देते काय?" देत नाही. कंपनी बहुतेक वेळा भरती झाल्यावरच दार उघडते. डॉक्टरीणबाईंनीही गावकऱ्यांना हेच समजावलं होतं: वर्गणी रोजच्या तब्येतीसाठी, ऑपरेशन आणि भरती तिच्यात नाही, त्यासाठी विमा नाहीतर सरकारी योजना ठेवा, वर्गणी भरली म्हणून विमा बंद करू नका. मामाजींना हे फार आवडलं. दोन खाती, दोघांची हद्द ठरलेली, कोणी कोणाच्या हद्दीत नाही. त्यांच्या मते सरकारनेसुद्धा इतकं स्वच्छ काम कधी केलं नव्हतं.

पण खरा आनंद त्यांना फॉर्म पाहून झाला. त्यावर छापलं होतं: एका चुलीवर जेवणाऱ्या सर्व व्यक्तींची नावे. मामाजींनी चौदा नावं लिहिली. वर्गणी माणशी होती, त्यामुळे यात कोणाचा एक पैसाही वाचत नव्हता. त्यांना फक्त ती सगळी नावं एका कागदावर हवी होती, खाली 'कुटुंबप्रमुख' म्हणून स्वतःची सही हवी होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ठीक आहे. ठीक आहे ऐकून मामाजी बिघडले. न पाहता सही करू नका, येऊन चौकशी करा, असा त्यांनी आग्रह धरला. त्या रविवारी मी तिथेच होतो. अंगणात चौदा ताटं मांडलेली, सासूबाई घामाघूम, आणि डॉक्टरीणबाई हातात फॉर्म घेऊन माणसं मोजतायत. घड्याळजी नाव पुकारल्यावर 'हजर' म्हणाला. शेवटी बाईंनाही पानावर बसवलं, तेव्हा त्यांनी हळूच मला विचारलं की आता मीपण या फॉर्ममध्ये येते का. मी विम्याचा माणूस. आमच्या कागदावर कुटुंब म्हणजे नवरा, बायको, मुलं, फार तर आईवडील. एवढं मोठं कुटुंब कागदावर पाहून मला घेरी यायची बाकी होती.

मग एकेकाच्या तासभराच्या तपासण्या सुरू झाल्या. शिंप्याला चष्मा लागला. घड्याळजीची शुगर सापडली. पंचफुलाबाईंच्या छातीवर बाईंनी नळी लावली आणि ती बराच वेळ काढलीच नाही. चढ चढताना दम लागतो हे पंचफुलाबाईंनी कधी कोणाला सांगितलं नव्हतं, कारण कोणी विचारलं नव्हतं. बाईंनी त्यांना यवतमाळला पाठवून हृदयाचा फोटो काढवला. लहानपणीच्या तापाने झडप खराब झालेली होती. ऑपरेशन केलं नाही तर पंचफुलाबाई फार दिवस काढणार नाहीत.

रिपोर्ट घेऊन दवाखान्यात गेलो तेव्हा आम्ही तिघं होतो: मामाजी, पंचफुलाबाई आणि मी. मला मामाजींनी मुद्दाम बोलावून घेतलं होतं. डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट सांगितलं आणि म्हणाल्या की माझी हद्द इथे संपली. मामाजी माझ्याकडे वळले. "जवाईबापू, आता तुमचं." मी घसा साफ केला. आमच्या पॉलिसीत शेजारीण बसत नाही, आणि आजार निघाल्यावर काढलेला विमा त्या आजाराला लगेच चालतही नाही, हे मी शक्य तितक्या मऊ शब्दांत सांगितलं. मामाजींनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझ्या नोकरीची लाज वाटली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घाबरू नका, सरकारी योजनेत हे ऑपरेशन होतं, फक्त रेशनकार्ड लागेल. पंचफुलाबाई म्हणाल्या, कार्ड नाही.

कार्ड नाही म्हणजे काय, असं मामाजींनी कारकुनी आवाजात विचारलं. पंचफुलाबाई सांगू लागल्या. नवरा वारला तेव्हा दिराने पडवीत वेगळं काढलं. त्यांनी वेगळ्या कार्डाचा अर्ज केला. बाबू चौकशीला आला, चुलीत हात घातला, राख थंडगार. स्वतंत्र चूल नाही असं लिहून गेला. नाव दिराच्या कार्डावर राहिलं, दीर कार्ड घेऊन दुसऱ्या जिल्ह्यात कामाला गेला, पुढे तिथेही नाव कापलं गेलं. एकदा सरकारने नाही म्हटल्यावर पुन्हा कशाला विचारायचं म्हणून त्यांनी विचारलं नाही. हे सगळं त्यांनी कोणाबद्दल राग न धरता, एखाद्या तिसऱ्याच बाईची हकीकत असावी तसं सांगितलं.

"पण चूल थंड का होती?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"दोन दिसाची राख होती, बाई. घरात दाणा नोयता. कायच्यासाठी पेटवू?"

"आणि चौकशीला कोण आलं होतं?"

"हेच तं बाबूजी," पंचफुलाबाई पदर सारखा करत म्हणाल्या.

मी आजवर या माणसामुळे शेकडो वेळा थक्क झालो होतो, पण तो सगळा खेळ होता. मामाजींनी चष्मा काढला. तीस वर्षं राखेत बोट घालणाऱ्या माणसाला थंड राखेचा दुसरा अर्थ एकदाही सुचला नव्हता. मग ते पंचफुलाबाईंकडे वळले. "दोन वर्ष माह्या घरी जेवलीस. मले सांगतलं काहून नाही?"

"तुमी जेवाले बलावलं, बाबूजी. जेवताना असं बोलू नये माणसानं."

दुसऱ्या दिवशी ते तहसीलला गेले. ज्या खिडकीच्या आत ते जन्मभर बसले तिच्या बाहेर रांगेत उभे राहिले आणि पंचफुलाबाईंचा अर्ज दिला. आणि तिथून सरळ दवाखान्यात येऊन त्यांनी लाल पेन काढलं आणि वर्गणीच्या फॉर्मवरचं पंचफुलाबाईंचं नाव कापलं. डॉक्टरीणबाई हबकल्या. माझ्या वर्गणीला रेशनकार्डाशी काही घेणंदेणं नाही, राहू द्या की, असं त्या परोपरीने सांगत होत्या. मामाजी म्हणाले, "एक बाई दोन चुलींवर कशी जेवंल?" त्यांनी पंचफुलाबाईंचा वेगळा फॉर्म भरवला आणि त्यांना सांगितलं की उद्यापासून तुझा स्वयंपाक तू करायचा, माझ्याकडे यायचं नाही. सासूबाई त्यांच्याशी चार दिवस बोलल्या नाहीत. मीही चिडलो होतो. आजारी बाईला ताटावरून उठवायचं हे कसलं प्रायश्चित्त, असं मी तोंडावर म्हणालो. नवा कारकून चौकशीला आला तेव्हा हे रस्त्याच्या पलीकडे उन्हात उभे राहिले, आत गेले नाहीत, ओळख दाखवली नाही. पंचफुलाबाईंच्या खोलीतून वरणाच्या फोडणीचा वास येत होता. कारकून बाहेर येऊन निघून गेला तरी हे तिथेच उभे होते.

कार्ड आलं. नागपूरला योजनेतून ऑपरेशन झालं. त्यानंतरच्या गोळ्या, रक्त पातळ ठेवायचं औषध, दर थोड्या दिवसांनी तपास, हे सगळं डॉक्टरीणबाई वर्गणीत बघतात, आणि पंचफुलाबाई आता चढ चढून बाजारात जातात. मला वाटलं, झालं, आता पुन्हा सगळे एका अंगणात जेवतील. मी मामाजींना म्हणालोही, आता कोण तपासायला येतंय? ते म्हणाले, "त्या वख्ती मी कागद खरा अन् बाई खोटी ठरवली. आता बाई खरी हाये, तं कागदही खराच राहू द्या."

गेल्या महिन्यात महागावला गेलो होतो. दुपारी जेवायला बसलो तर मामाजी आपलं ताट उचलून बाहेर निघाले. सासूबाई म्हणाल्या, रोजचंच आहे. मी दारातून पाहिलं. पंचफुलाबाईंच्या ओट्यावर एका टोकाला त्या त्यांचं ताट घेऊन बसल्या होत्या, दुसऱ्या टोकाला हे आपल्या चुलीवरचं ताट घेऊन बसले. मध्ये दोन हातांची जागा सोडलेली. पार थकलेले दिसले मला ते, पाठ वाकलेली. या माणसाला मी इतकी वर्षं हसलो याचं मला एकाएकी फार वाईट वाटलं. तेवढ्यात पंचफुलाबाईंनी आपल्या ताटातली अर्धी भाकर मोडली, हात लांब करून त्यांच्या ताटात ठेवली आणि पुन्हा खाली मान घालून जेवू लागल्या. मामाजींनी त्या भाकरीकडे पाहिलं. आणि मग, इकडे तिकडे न बघता, ती खाल्ली.