विमानाची खोळ

लढाऊ विमान आकाशात फार थोडा वेळ असतं. उरलेला जन्म ते उन्हात उभं राहून काढतं, आणि उभ्या विमानाला खोळ लागते. वैमानिकाच्या काचेवर एक, नाकावर एक, आणि जिथून ते हवा ओढतं त्या तोंडावर एक. नाहीतर आत पाखरं घरटी करतात, आणि अब्जावधींचं यंत्र चार काड्यांपायी अडून बसतं. विमान विकणारे हे सांगत नाहीत. पण मास्तरबाईंचा कारखाना त्यावरच चालला होता.

मास्तर म्हणजे त्यांचे सासरे. ते ट्रकच्या ताडपत्र्या शिवायचे. ते गेले तेव्हा त्यांच्या मुलांपैकी एकालाही कात्री धरायची हौस नव्हती. ती थोरल्या सुनेने धरली आणि कात्रीबरोबर पदवीही तिच्याकडे आली. पत्र्याच्या शेडमध्ये आठ-दहा बायका मशिनवर बसत. धाकटी जाऊ त्यांच्यावर देखरेख करी, म्हणजे बोलत असे. ट्रकवाले हळूहळू तयार प्लॅस्टिककडे गेले, तंबूवालेही गेले, आणि गिऱ्हाईक उरलं एकच: शहराबाहेरचा हवाई दलाचा तळ. तिथली विमानं मास्तरबाईंच्या लग्नाच्या सुमाराची. त्यातलं एकेक मोडीत निघालं की इथली एकेक खोळ कमी होई. शेवटचं निघालं की शेडला कुलूप, हे सगळ्यांना माहीत होतं. बोलत कोणी नव्हतं, जाऊबाई सोडून.

"त्यांची आणि आपली एकदमच अखेर होणार," त्या दोऱ्याचं टोक दातांनी तोडत म्हणायच्या. "एकाच खर्चात उरकेल."

सरकार नवी विमानं घेणार होतं. किती वर्षं घेणारच होतं. विरोधात असताना जो पक्ष ‘विमानं कुठायत?’ म्हणून ओरडे, तो सत्तेवर आला की समिती नेमी. अखेर तीन देशांची विमानं निवडीत उरली. विकणाऱ्या कंपनीने किमतीतला काही हिस्सा इथल्याच कारखान्यांना काम देऊन खर्च करायचा, अशी अट होती. पंख बनवणारा कारखाना देशात नव्हता. इंजिन बनवणाराही नव्हता. खोळी शिवणारा मात्र होता, शिवाय तिथे सगळ्या बायका, फोटो छान येणार. तिन्ही कंपन्यांचे दलाल शेडच्या दारात बूट काढून उभे राहिले.

बोलणं तिघांचं तेच. आमचं विमान घेतलं तर पुढची पंधरा वर्षं सगळ्या खोळी तुमच्या. मात्र सही आमच्याच करारावर करायची, दुसऱ्या कोणाच्या नाही.

"आणि तुमचं विमान हरलं तर?" मास्तरबाईंनी विचारलं.

"आमचं हरणार नाही."

"आधी आलेले दोघंही हेच सांगून गेले."

"ते खोटं बोलले."

"तेही त्यांनी सांगितलं होतं," जाऊबाई म्हणाल्या आणि त्यांनी चहाचा कप दलालाच्या हातातून परत घेतला. संपला होता की नाही, कोण जाणे.

म्हणजे जो पेच सरकारपुढे, तोच मास्तरबाईंपुढे. फरक इतकाच की सरकारला निवडायला दहा वर्षं होती आणि यांना महिना.

सल्ला द्यायला जावई होतेच. ते छापखान्यात नोकरीला, जन्मात विमानात बसले नव्हते, पण जगातलं प्रत्येक लढाऊ विमान किती उंच जातं ते त्यांना पाठ. रविवारी येऊन त्यांनी कापणीच्या टेबलावर तिन्हींची चित्रं पसरली.

"आई, वेगात बघाल तर हे दोन शेपट्यांचं..."

"वेग सांगू नका. खोळ घालताना ते उभं असतं."

जावयांनी चष्मा वर केला आणि नव्याने सुरुवात केली. पहिलं विमान एका इंजिनाचं, हवेचं तोंड हनुवटीखाली. हलकं, बऱ्याच देशांकडे असलेलं, नावाजलेलं. पण विकणारा देश जबरदस्त. प्रत्येक सुट्या भागासोबत उपदेश पाठवतो: याच्यावर हल्ला करा, त्याच्यावर करू नका, आमच्या विरोधात मत दिलंत तर चाकांची रबरं मिळणार नाहीत.

"सासू सोबत येणारी सून," जाऊबाईंनी निकाल दिला.

दुसरं दोन इंजिनांचं, दोन शेपट्यांचं, धिप्पाड. ट्रकभर बॉम्ब उचलतं आणि टँकरभर इंधन पितं. विकणारा कोणालाही काही विचारत नाही. मात्र तो स्वतःच लढाईत अडकलेला, सुटे भाग येतील तेव्हा येतील.

"आणि तिसरं?"

तिसरं त्रिकोणी पंखांचं, कानाजवळ दोन छोटे पंख आणखी. चपळ, देखणं, किमतीला जड. विकणारा देश मध्यम, मानी; सगळ्यांना विकतो, सगळ्यांशी भांडतो.

"मग घ्यावं कुठलं?"

"आई, तसं तिन्ही चांगली आहेत. खरेदी विमानाची नसते. चाळीस वर्षं कोणाचे फोन उचलायचे, त्याची असते."

हे वाक्य त्यांनी कुठेतरी वाचलेलं असणार. तरी मास्तरबाईंना ते पटलं, आणि जावयांना त्यांनी दुसरा चहा दिला.

चाचण्यांसाठी तिन्ही विमानं तळावर आली तेव्हा माप घ्यायला मास्तरबाईंना बोलावणं आलं. भांडारसाहेब बरोबर होते. तळावरचं सगळं सामानसुमान त्यांच्या ताब्यात, माणूस सरळ, फक्त घाबरट. पहिल्या विमानाच्या तोंडाचं माप गुप्त निघालं. दुसऱ्याच्या माणसांनी हवं ते मोजा म्हणून हात हलवला आणि ते सिगारेटी ओढत बसले. तिसऱ्याची मापं दलालाने स्वतः सांगितली, चुकीची.

प्रत्येक विमानासोबत त्याच्या घरची खोळ होती, तीही मास्तरबाईंनी चाचपून पाहिली. दुसऱ्याने शिवलेलं हातात आलं की शिवण उलटून बघायचीच, ही सवय सासऱ्यांची. तिसऱ्याच्या नाकावरच्या खोळीला एक गोल ठिगळ होतं. फाटल्यावर मारतात तसं नाही, नीट बेतून, झाकायला मारलेलं. दलाल भांडारसाहेबांना पंख दाखवत होता. बाईंनी ठिगळाखाली बोट सारलं, जरा वर केलं, आणि आत एक कापडी चिन्ह दिसलं. तारा, भोवती दोन कणसं. ते या देशाचं नव्हतं. विकणाऱ्याचंही नव्हतं.

घरी येऊन त्यांनी ते कागदावर काढलं. जावई उडालेच.

"आई! हे चिन्ह ज्या देशाचं, त्याने ही विमानं मागवली होती. निम्मे पैसेही भरले. मग समुद्राच्या हद्दीवरून दोघांचं भांडण झालं, आणि विकणाऱ्यांनी विक्री थांबवली. सगळी विमानं कारखान्याच्या अंगणात उभी आहेत!"

"तयार?"

"तयार."

मास्तरबाईंना आणखी काही ऐकायचं नव्हतं. ज्याचा माल अंगणात पडून आहे, तो किंमत पाडणार, कर्ज देणार, मंत्र्यांना मेजवान्या देणार. इथल्या सरकारला पुढच्या निवडणुकीआधी आकाशात काहीतरी उडवून दाखवायचंच होतं, तयार माल दुसऱ्या कोणाकडे नव्हता. त्यांनी तिसऱ्या करारावर सही केली. बाकी दोघांना ‘नाही’ म्हणून कळवलं.

"एकाच नावेत पाय ठेवलात," जाऊबाई म्हणाल्या.

"दोन नावांत ठेवायला ते देत नव्हते."

आणि घडलं तसंच. हिवाळ्यात तिसरं विमान जाहीर झालं. मंत्र्यांनी वेग, उंची, पल्ला सगळं वाचून दाखवलं. तारा आणि कणसं यांचा उल्लेख नव्हता. शेडमध्ये बायकांनी मशिनं थांबवून टाळ्या वाजवल्या. मास्तरबाईंनी चांगलं जाड कापड पाहायला घेतलं.

विमानं उतरल्यावर भांडारसाहेबांचा फोन आला. बाई जाऊबाईंना घेऊन तळावर गेल्या. गोदामात लाकडी पेट्या रचलेल्या होत्या. साहेब त्यांच्याकडे न बघता म्हणाले, "खोळी बरोबरच आल्यात. आधीच्या गिऱ्हाइकाने विमानांसोबत मागवल्या होत्या. सगळ्या. जादा जोडसुद्धा."

जाऊबाईंनी एका पेटीची फळी उचलून आत पाहिलं.

"वहिनी," जाऊबाई म्हणाल्या, "तुम्ही तर खोळ बघूनच ओळखलं होतंत ना?"

"हो."

"बोट तर खोळीतच होतं."

"हो, म्हटलं ना!"

विमान तयार म्हणजे खोळही तयार, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मास्तरबाईंनी चिन्ह पाहिलं, देशांची भांडणं पाहिली, मंत्र्यांची निवडणूक पाहिली. हातातली खोळ तेवढी पाहिली नाही. जन्मभर खोळी शिवून.

करार होता, म्हणून कंपनीने अगदीच हात झटकले नाहीत. जुनं चिन्ह उसवायचं आणि या देशाचं लावायचं, एवढं काम शेडला मिळालं. पंधरा वर्षांचं नव्हे, एका उन्हाळ्याचं. पेट्या शेडमध्ये आल्या. बायका ब्लेड घेऊन उसवायला बसल्या, आणि पहिलंच चिन्ह सुटल्यावर जाऊबाईंनी हाक मारली. ताऱ्याखालच्या कापडावर सुईच्या भोकांची आणखी एक ओळ होती. चौकोनी. ताऱ्याच्याही आधीचं काहीतरी.

"कितवं म्हणायचं हे लग्न?"

मास्तरबाईंनी खोळ उजेडाकडे धरली, भोकांवरून अंगठा फिरवला. मग ती तशीच घेऊन भांडारसाहेबांकडे गेल्या.

"साहेब, आपलं चिन्ह पक्क्या शिलाईने लावू की कच्च्या?"

"म्हणजे काय? पक्क्या! विमानं चाळीस वर्षांसाठी घेतलीत."

"याआधीचीही पक्कीच होती. दोन्ही."

साहेबांनी भोकं पाहिली. दार लागलेलं आहे ना, तेही पाहिलं. "तुम्ही पक्कीच घाला, बाई," ते हळूच म्हणाले. "पुढेमागे उसवायची वेळ आलीच तर तुमच्याशिवाय आहे कोण?"

"तसं लिहून देता?"

लिहून देणारे ते नव्हते. पण संध्याकाळी जुन्या विमानांच्या फाटक्या खोळी दुरुस्तीला म्हणून त्यांनी शेडवर पाठवल्या. जुनी विमानं आणखी काही वर्षं उडवायचं वरच्यांनी ठरवलं होतं, कारण नव्यांचे सुटे भाग कशावरून तरी अडले होते.

मास्तरबाईंनी दुहेरी शिलाई घातली, कामात खोट त्यांना जमत नसे. उसवलेली चिन्हं मात्र फेकू दिली नाहीत. घड्या घालून, मध्ये डांबराच्या गोळ्या ठेवून, ती सासऱ्यांच्या लोखंडी पेटीत ठेवली.

"ही कशाला?" जाऊबाईंनी विचारलं.

"ताऱ्यावाल्यांचा समेट झाला तर लागतील," मास्तरबाई म्हणाल्या, आणि पेटीवरचं कापड झटकून त्यांनी पुढची खोळ ओढली.