कुलपातला आकडा

आमच्या टीममध्ये माणसं तीनच: मॅडम, दौंडचा सलीम आणि मी खुटबावचा. तरी किस्से इतके साठलेत की चहा गार होतो, किस्से सरत नाहीत. साठणारच म्हणा! वर्षानुवर्षं एका आकड्याची वाट बघणारी माणसं दुसरं करणार काय?

*

एकदा गावी वडलांना, आप्पांना, आमचं काम समजावलं. गॅलेक्सींचा एखादा जड समूह मध्ये आला, की त्याच्या गुरुत्वाकर्षणानं पार मागच्या गॅलेक्सी भिंगातून दिसाव्यात तशा किंचित मोठ्या, उजळ दिसतात. तो फरक मोजून पुढच्या समूहाचं वजन काढायचं.

आप्पा म्हणाले, "म्हंजी वजन एकाचं आन् मोजता दुसऱ्यालाच? साखर कारखान्याच्या काट्यावर असं करून बघ, फोडून काढत्याल!"

*

आमच्याकडं उत्तर कुलपात असतं. मॅडम खऱ्या आकड्यात एक गुपित आकडा मिसळून ठेवतात. सगळ्या तपासण्या होईपर्यंत तो काढायचा नाही, म्हणजे उत्तर आपल्याला हवं तिकडं ओढायचा मोह होत नाही.

एक पाहुणे प्राध्यापक म्हणाले, "निदान अंदाज तरी सांगा!"

मॅडम म्हणाल्या, "अंदाज सांगायचा असता तर कुलूप कशाला लावलं असतं?"

*

कुलूप उघडायच्या आठवड्यातच सलीमची चूक सापडली. पुढच्या मोठ्या गॅलेक्सींनी झाकलेला आकाशाचा तुकडा त्यानं वजाच केला नव्हता, त्यामुळं मोजणीत मागच्या गॅलेक्सी कमी भरल्या.

मॅडम म्हणाल्या, "भिंतीआडची माणसं दिसली नाहीत, म्हणून गाव ओस पडलं का?"

उघडणं दोन महिने पुढं गेलं. आम्ही हसलो, सलीम हसला नाही. त्याचे अब्बा, रेल्वेतले रिटायर पॉइंट्समन, अंथरुणाला खिळलेले. डॉक्टरांनी महिन्याचीसुद्धा खात्री दिली नव्हती. पोराचा आकडा ऐकायचा, एवढंच त्यांनी मागितलं होतं. हे मला नंतर कळलं.

*

रविवारी दौंडला गेलो. सलीमनं दारातच गाठलं. "अब्बांना सांगितलंय, कुलूप उघडलं. आकडाबी सांगितलाय, मनचाच. तू फक्त हो म्हण."

तो औषध आणायला गेला. चाचांनी, म्हणजे त्याच्या अब्बांनी, मला जवळ बोलावलं.

"उघडलं का रं कुलूप?"

"व्हय चाचा."

"आकडा चांगला आलाय म्हणं?"

"लई चांगला."

चाचांनी आवाज खाली आणला. "सकाळी मॅडमचा फोन आलता, तब्येत इचारायला. म्हनल्या, कुलूप उघडायला अजून दोन महिनं हायेत."

माझी मान खाली गेली. त्यांनी माझा हात दाबला. "त्याला बोलू नगंस, मला ठावं हाय म्हणून."

तेवढ्यात सलीम गोळ्या घेऊन आत आला. चाचा कोपरावर रेलून उठायला लागले.

"ये, ये! आकडा परत एकदा सांग बरं. ह्याच्यासमोर सांग!"