दिवसातून आठ वेळा विधुर

मरणाची बातमी सांगण्याची कसली परीक्षा घेतात, म्हणून मी हसले होते. पण इथं अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजात ती घेतात. समोर नातेवाईक म्हणून नट बसतो, आणि मार्कही तोच देतो. माझ्या वाट्याला सत्तरीचा एक स्कॉटिश नट आला. तिकडे रंगभूमीवर राजांच्या भूमिका केलेला, टीव्हीवर इन्स्पेक्टर म्हणून गाजलेला. आता मिनेसोटात तो परीक्षेच्या दिवशी आठ वेळा विधुर होत होता.

"तुमची पत्नी गेली," मी सांगितलं. त्याने चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने काचा पुसत राहिला. रडू मलाच आलं.

बेल वाजली तसा तो चष्मा लावून म्हणाला, "छान. घाई केली नाहीस."

"इतकं खरं कसं करता हो तुम्ही?"

"खरं?" तो म्हणाला. "माझी बायको खरंच गेली, तेव्हा मी मनातल्या मनात डॉक्टरला मार्क देत होतो. रडायचं राहूनच गेलं."

तेवढ्यात दारावर टकटक झाली. पुढची विद्यार्थिनी आली होती. तो सावरून बसला आणि बायको अजून जिवंत असलेल्या माणसासारखा दाराकडे बघू लागला.