रानसफरचंदाच्या झाडावर विहीणबाई

उलकान एजेच्या हातचं कच्चं रानसफरचंद ज्याने चावलं नाही, त्याला आमच्या गावात पाहुणा म्हणत नाहीत. एजे म्हणजे थोरली बहीण. धाकटे तिला तसं म्हणतातच, पण तिच्याहून मोठे दोन म्हातारेही भीतीपोटी एजेच म्हणतात. मी तिची शेजारीण. आमच्या दोघींच्या मध्ये एक कुंपण आहे, ते नसतं तर मी कधीच वेडी झाले असते.

पाहुणा टेकला रे टेकला की ही बाई बोराएवढं लालचुटुक फळ त्याच्या हातावर ठेवणार. "खा, नुसता मध आहे." बिचारा खातो. आंबट तर असं की कान हलतात, वर तुरट, जीभ टाळूला चिकटते. जो तोंड वेंगाडून थुंकतो, त्याला पोटभर जेवण. जो डोळ्यांत पाणी आणून "छान गोड आहे हो" म्हणतो, त्याला आणखी मूठभर फळं. गुरांचा एक डॉक्टर असा भिडेपोटी खात बसला. त्याचे दात इतके आंबले की संध्याकाळी नान चहात बुडवून गिळावी लागली.

पण त्याच फळाचं ती काय करत नाही ते विचारा. मेंढीच्या चरबीदार मटणात ओंजळभर टाकते, मग कितीही खा, तोंडाला ओशटपणा येत नाही. कोबीबरोबर मिठाच्या पाण्यात मुरवते. चकत्या वाळवते आणि थंडीत शेवयांच्या रश्शात सोडते. हिमाचा पहिला तडाखा बसला की झाडावर उरलेली फळं तपकिरी आणि मऊ होतात, खरोखरची गोड होतात. ती मात्र एजे एकटी खाते, कुणाला दाखवतसुद्धा नाही.

आणि मुरंबा, देठासकट. एकेक फळ सुईने टोचायचं, पाकात घालून एक उकळी आणायची, झाकून गार करायचं, पुन्हा उकळी. घाई केलीत की साल फाटून लगदा. जमलं तर फळ काचेसारखं होतं, आतली बी बाहेरून मोजून घ्या. देठ धरून तोंडात टाकायचं आणि देठ तेवढा बशीत ठेवायचा. एजे म्हणते, टोचल्याशिवाय आत पाक शिरत नाही. हे ती फळाबद्दल म्हणते आणि माणसांवर चालवते, हीच तिची खोड.

आता मीरिमचं सांगते. मीरिम म्हणजे एजेच्या मुलाची, एर्मेकची बायको. गुणाची पोर, कमी बोलणारी. उन्हाळ्यात एजेकडे बायका चहाला जमल्या होत्या. आम्हा किर्गिझांकडे चहा सुनेने ओतायचा, सामोवारापाशी, म्हणजे चहाच्या पाण्याच्या बंबापाशी, खालच्या जागी बसून. मीरिम ओतत होती. कुणीतरी विचारलं, नातवंड कधी. एजेला तेवढंच हवं होतं.

"माझ्या झाडांना ना खत ना पाणी, तरी फळांनी फांद्या मोडतात," ती म्हणाली. "आणि आमच्या सूनबाईंना चार वर्षं साय चारतेय, अजून मोहोरसुद्धा नाही."

बायका हसल्या. मीरिमने किटली खाली ठेवली, डोक्याला रुमाल बांधला आणि नदीपलीकडे माहेरी निघून गेली. भांडली नाही, रडली नाही. एर्मेक तिच्या मागोमाग गेला, तो आठवड्यातला निम्मा वेळ सासुरवाडीतच दिसू लागला.

"येईल," एजे म्हणायची. "जाते कुठे."

ती काही आली नाही. फळं लाल झाली तरी आली नाही. टोमणे मारायला घरात कुणी उरलं नाही, तेव्हा ते कुंपणावरून माझ्या वाट्याला येऊ लागले. एक दिवस मात्र आवाज वेगळाच.

"शेजारणी, मी जास्त बोलले का गं?"

"हो."

"तुला कुणी विचारलं?"

आता काय म्हणावं या बाईला. जन्मात तिने कुणाची माफी मागितली नव्हती. नवरा बिचारा वाट बघून बघून वारला. पण सून गेल्यापासून ती जेवण टाकत होती, हे मला दिसत होतं. घर खायला उठत होतं तिला.

मग ती सकाळ. मी गाय पिळायला उठले होते, उजाडायच्या बेतात होतं. बघते तर एजेच्या झाडाला शिडी लावलेली, आणि शेंड्याला, जिथे तोडणीतून सुटलेली फळं होती तिथे, मखमली जाकीट घातलेली एक भारदस्त बाई. काल्बुबू. मीरिमची आई, गावात मान खाली न घालणारी. एजेही उठलीच होती. ती दबकत आली, शिडी उचलली, भिंतीला टेकवली आणि मग खाकरली.

"विहीणबाई, चहा वर पाठवू की खाली येताय?"

वर फांदी करकरली. "शिडी लावा."

"शिडी कुठे गेली बाई. गावात हल्ली चोर फार झालेत."

"मी चोर नाही. फळांना कीड लागलीय का, ते बघत होते."

"खिसे भरभरून बघावं लागतं वाटतं."

"जाकीट अडकलंय काट्याला. शिडी लावा म्हणते ना."

"अडकू दे की. आमच्या झाडाला आज इतकं वजनदार फळ लागलंय, गावाला दाखवू तरी." एजे ओट्यावर बसली. इतकी खूश मी तिला कित्येक महिन्यांत पाहिली नव्हती. "तुमच्या अंगणात एवढी झाडं, मग माझ्याकडे का?"

"आमची चालत नाहीत तिला. म्हणते, पुरेशी आंबट नाहीत..."

काल्बुबूने जीभ चावली, पण उशीर झाला होता. एजे उठून उभी राहिली.

आमच्याकडे पोटुशीचे डोहाळे म्हणजे थट्टा नाही. जे मागेल ते द्यायचं, नाही म्हणणाऱ्याला पाप. आणि पहिले महिने बाहेर कुणाला सांगायचं नाही, नजर लागते. मागायला यावं तर गुपित फुटतं, न मागावं तर पोर कासावीस. म्हणून एवढी मानाची बाई अंधारात झाडावर चढली होती.

"कितवा?" एजेने विचारलं.

"तिसरा सरला."

एजेने शिडी लावली. घाईत ती इतकी तिरपी लागली की मी कुंपण ओलांडून धरली. विहीणबाई खाली आल्या, एजेने त्यांच्या जाकिटातले काटे काढले आणि सुनेच्या माहेरी जायला पिशवी भरू लागली.

"तुम्ही नका येऊ," काल्बुबू म्हणाली. "ती म्हणालीय, कुठल्याही झाडाचं आण, त्यांच्या झाडाचं नको. मी डोंगरातलं म्हणून सांगणार होते."

एजेने पिशवीचं तोंड बांधलं. मग पिशवी उचलून चालू लागली. मीही गेले, अशा वेळी घरी कोण बसतं.

मीरिम दारातच होती. पिशवी पाहून तिने आवंढा गिळला, आम्ही तिघींनी पाहिला. पण हात पुढे केला नाही.

"खा गं," एजे म्हणाली. "माझ्यावर राग काढ, पोटातल्यावर नको."

"सासूबाई, चारचौघींत बोललात. परत घ्यायचं तेही चारचौघींतच. त्या दिवशी चहा तुम्ही ओताल. तोवर मी खाणार नाही."

"आणि पोर?"

"तुमचंच नातवंड आहे, हट्टी असणार. थांबेल."

दुसऱ्याच दिवशी एजेने मुरंब्याच्या निमित्ताने त्याच सगळ्या बायकांना बोलावलं. अंगणात कढई चढली. मीरिम मानाच्या जागी, समोर कच्च्या फळांचं ताट. एजे सामोवारापाशी, सुनेच्या जागी. बायका एकमेकींना कोपराने ढोसत होत्या.

एजेने चहा ओतला. मग म्हणाली, "यंदा साखर महाग झालीय." मग म्हणाली, "माशा फार आहेत." मीरिमने रुमालाची गाठ घट्ट केली आणि उठायला हात टेकला.

"बस," एजे म्हणाली. "मी त्या दिवशी वाईट बोलले. तुला लागलं, ते मला दिसलं होतं, तरी मी हसले. मीरिम, मी चुकले."

कढई रटरटत होती. मीरिमने मान तिरकी केली.

"पाक फार उकळतोय, सासूबाई. नीट ऐकू नाही आलं."

एजेने पुन्हा सांगितलं, मोठ्याने.

"इकडे भिंतीपाशी जरा कमीच येतंय," काल्बुबू म्हणाली, आणि जाकिटावरचा उसवलेला धागा ओढत बसली.

तेव्हा एजे अशी ओरडली की माझ्या कोंबड्या कुंपणापलीकडे फडफडल्या. मग मीरिमने फळ उचललं. आमची तोंडं वाकडी झाली, तिची पापणी हलली नाही. ती एकामागून एक खात सुटली, बिया हातावर घेत, जशी कुणी दिवसभराची उपाशी. अर्धं ताट संपल्यावर तिने तोंड पुसलं.

"सरका, सासूबाई. आता मी ओतते."

"उठलीस तर बघ," एजे म्हणाली, आणि डोळे पुसायला कढईकडे वळली. त्या दिवशीचा मुरंबा तळाला लागला. एरवी ज्या बाईच्या हातून लागला असता, तिच्या सात पिढ्या एजेने उद्धरल्या असत्या. पण पळी तिच्याच हातात होती, आणि तिचं लक्ष सुनेच्या ताटाकडे होतं.