पाठीच्या मापाची फळी

वैशाखात भर दुपारी नावाडी पुंजू दाराशी आला, तेव्हाच ओळखलं, बातमी चांगली नसणार. उन्हाळ्यात तापीला पाणी नसतं, नाव काठावर पालथी पडलेली, शाळेला सुट्टी. मग या माणसाचं माझ्याकडे काम काय? पाणीसुद्धा न पिता तो म्हणाला, "बाई, भिका मिस्तरी गया." दीड महिना झाला, आज लिहायला बसलेय.

आधी माझं सांगते. मी पाठीला पोक असलेली बाई. लहानपणी माळ्यावरून पडले, पाठ वाकली ती वाकलीच. माझ्या लग्नाचा प्रश्न गावानं परस्पर निकालात काढला. पण अक्षर चांगलं आणि जीभ तिखट, म्हणून मास्तरीण झाले. शाळा तापीपलीकडे आणि घरी अंथरुणाला खिळलेली आई, त्यामुळे रोज नावेनं जाणं-येणं. नावेच्या ठेकेदारानं फिरतीवरच्या सरकारी साहेबांसाठी गादीचं एक आसन केलं होतं, गादीमागे गोलसर वाकवलेली पातळ फळी. साहेब वर्षातून एकदा यायचे. बाकीचे दिवस ते आसन माझं. एका पावसाळ्यात त्या फळीचे पापुद्रे सुटले आणि ठेकेदारानं तिथे सरळसोट जाड फळी ठोकली. झालं! जाता-येता अर्धा अर्धा तास पाठ तिच्यावर आपटायची. शाळेत पोचले की उभं राहवेना, चटईवर आडवी होऊन मी पोरींकडून पाढे म्हणवून घेई. शाळेच्या कमिटीतले एक गृहस्थ येऊन म्हणाले, "बाई, निजण्याचा पगार शाळा देत नाही. महिनाभर बघतो." त्या पगारावर आम्हा दोघींचं पोट होतं हो!

भिकादादा गाड्या नि औतं करणारे सुतार. त्याच दिवशी नावेच्या दुरुस्तीला काठावर आले होते. मला कण्हत उतरताना पाहून म्हणाले, "काय व्हयनं बाई?" मी फणकारले, "दिसत नाही का?" तर शांतपणे म्हणतात, "दखास ना. म्हनीसनच इचारी ऱ्हायनू." त्यांनी शहाद्याच्या एका मारवाडी दुकानदाराकडून चहाची रिकामी खोकी आणली. खोक्यांच्या त्या पातळ थरांच्या फळीला हल्ली प्लायवूड म्हणतात. दादांची ती 'चहाची फळी'. पण बाक कुठे नि किती द्यायचा? मला म्हणाले, ओल्या वाळूत पाठ टेकून बसा. मी संतापले. जी पाठ मी आईलाही नीट दाखवली नव्हती, ती या परक्या माणसासमोर टेकायची? दादांनी काठावरच्या सगळ्यांना हुसकावून लावलं, स्वतः नदीकडे तोंड करून उभे राहिले. मी बसले, उठले, पदर सावरला, तेव्हाच ते वळले. वाळूतल्या खळग्यात बाभळीची ओली काडी वाकवून त्यांनी माप घेतलं आणि त्यावरून लाकडी साचा केला.

पहिली फळी फसली. गरम पाण्यात भिजवून, साच्यावर वाकवून, सरस लावून थर चिकटवले होते. नदीच्या ओलीनं सरस विरघळला आणि चौथ्या दिवशी भर पात्रात फळी कडकन उलगडली. मी थेट शेजारच्या टोपलीत! टोपलीत वांगी होती म्हणून वाचले. दादांचा चेहरा मात्र एवढासा झाला. मग त्यांना वडिलांची जुनी रीत आठवली. दूध नासवायचं, चोथा पिळायचा, चुन्यात घोटायचा. ती खळ पाण्याला दाद देत नाही. दादांची बायको, सखूवहिनी, कडाडल्या, "पोरेसले ताक नही, अन् लाकूडले दूध!" गल्ली हसली. दादाही हसले आणि घोटत राहिले. महिना भरायला चार दिवस होते, तेव्हा मी त्या फळीला टेकून नदी पार केली नि दिवसभर उभं राहून शिकवलं. कमिटीचे गृहस्थ दारातूनच परतले.

त्यानंतर आजवर नऊ वर्षं माझी नोकरी टिकली, आईला शेवटपर्यंत दूध-औषध दिलं. भेटेल त्याला ऐकवायची, "दादांची फळी बघा, नऊ वर्षं जशीच्या तशी! आणि माझी पाठही, सूतभर पुढे वाकली नाही." दादा समोर असले तर बिडी शोधायला लागायचे.

बारावं झाल्यावर वहिनींना भेटायला गेले. त्यांनी मला मागच्या पडवीत नेलं. साच्यावर दोरीनं करकचून बांधलेली नवी कोरी फळी होती. "हाई तुम्हनीच शे," वहिनी म्हणाल्या. मी म्हटलं, "अहो, माझी तर शाबूत आहे." त्या म्हणाल्या, "दर उन्हाळामा नवी करेत, बाई. गादीना काथ्या कोठे दबना ते दखेत, अन् साचा तासेत. तुम्हनी पाठ दर साल वाकी ऱ्हायनी व्हती. मले म्हनेत, बाईले सांगू नको."

गादीमागे झाकलेली फळी कोण बघतो? दर वर्षी ती नवी असायची, मी तरी कधी बघितली?... मी तिथेच ढसाढसा रडले. नऊ वर्षं त्या माणसानं माझं दुखणं माझ्यापासून लपवून ठेवलं, आणि मी ताठ मानेनं वर्गात उभी राहिले. याचे उपकार कोणत्या तोंडानं मानू?

गाठी दादांच्या हातच्या. त्या सोडायला वहिनींचा हात होईना. मी सोडल्या. परवा नदीला पाणी आलं, नाव उतरली, पुंजूनं फळी बसवली. मी टेकले. बरोब्बर बसली. पुढच्या उन्हाळ्यात पाठ किती वाकली, ते आता मला स्वतःलाच बघावं लागेल.