तेरापर्यंतचं गणित

साबिन ओप्रिशान म्हणजे मुलखाचा हट्टी. खाण बंद पडली, बायको गेली, मुलगी दोइना इटलीत कुणा म्हातारीची सेवा करायला गेली, तरी गडी लुपेनी या खाणगावातल्या चौथ्या मजल्यावरच्या घरातून हलला नाही. सोबतीला नात, इलिंका. सातवं लागलं तरी आकडा दिसला की पोरगी भिंतीकडं तोंड करायची. शाळेनं सांगून टाकलं, मे महिन्यात जिल्ह्याच्या बाई तपासायला येतील. जमलं नाही तर लांबच्या खास शाळेत, वसतिगृहात.

"वसतिगृहात? मी काय मेलोय?" साबिन गरजला आणि कपाटावरून रमीचा लाकडी डबा काढला. चार रंगांच्या सोंगट्या, एक ते तेरा. रविवारी घरोघरी खेळतात तोच खेळ.

हिवाळाभर, जेवणं उरकली की दोघं पटापुढं बसायची.

"चार आणि पाच?"

"नऊ! आणि निळा नऊ तुमच्याकडंच आहे, लपवू नका आजोबा."

"लबाड कुठली!" म्हातारा हरखून जायचा. दोइनाला फोनवर सांगायचा, पोरगी हुशार आहे गं, उगाच रडू नकोस.

बाई आल्या. सात नि पाच किती? बारा. तेरातून चार गेले? नऊ. साबिननं दाराशी उभ्या उभ्या सुस्कारा सोडला.

"शाब्बास. आता दहापासून पुढं मोज."

"दहा, अकरा, बारा, तेरा, एक."

"एक?"

"तेरानंतर एकच लावतात. तुम्हाला खेळता येत नाही?"

साबिन दारातून पुढं आला. "बाई, खेळात तसं चालतं हो. चूक माझी आहे." अख्ख्या हिवाळ्यात त्यानं चौदा हा आकडा तोंडातून काढला नव्हता. काय म्हणावं या शहाण्याला!

बाईंनी पंधरानंतर काय विचारलं, सतरानंतर काय विचारलं. इलिंकानं भिंतीकडं तोंड केलं.

बाई वाईट नव्हत्या. तपासणीच्या कागदातल्या एका ओळीवर बोट ठेवून हळूच म्हणाल्या, "घरी शिकवलं का, इथं मी 'नाही' लिहिते. हिवाळाभर शिकवलं असं लिहिलं, तर शिकवूनही येत नाही असा शिक्का बसेल पोरीवर. मग ती तिकडून परत यायची नाही."

"आणि 'नाही' लिहिलं तर?"

"तरी जावं लागेलच. पण दोन वर्षांनी पुन्हा तपासतील."

साबिन ओक्साबोक्शी रडला असता, पण पोरगी समोर होती. घरी कुणीही, काहीही शिकवलेलं नाही, असं बाईंनी लिहिलं. त्याखाली त्यानं सही केली.